फटफटीचा विजेचा कारभारी

पुणें शहराची जुनी ओळख सायकलींचें शहर अशी होती. पुढें त्या सायकलींची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकी गाड्यांनीं घेतली. १९७२ सालीं बाजारांत आलेल्या लूना आणि चेतक या दोन गाड्यांनीं तर मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दाराशीं स्वतःचें वाहन आणून उभें केलें. आज चाकणच्या कारखान्यांतून निघालेल्या मोटारसायकली देशोदेशीं जातात, आणि नाना पेठेंतील दुकानांतून त्यांचे सुटे भाग मिळतात. अशा या शहरांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गाडी चांगली, इंजिन निकोप, परंतु बॅटरी टिकत नाहीं. नवी घालावी, तर थोड्याच महिन्यांत तीहि बसते. मग कोणी सांगतो, "रेग्युलेटर गेला आहे, आतां चांगला, वरच्या प्रतीचा घाला." हा रेग्युलेटर म्हणजे काय, तो कां बिघडतो, आणि त्याच्या जागीं सुधारलेल्या जातीचा रेग्युलेटर बसविल्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे असें कोणीं समजूं नये. लूना किंवा चेतक या गाड्यांच्या पुढील दिव्याला वीज थेट मॅग्नेटोकडून मिळत असे. इंजिन मंदावलें कीं दिवा मंदावे, आणि वेग वाढला कीं तो उजळे. त्यांत गैरसोय होती. पण बॅटरी नाहीं म्हणून गाडी अडून बसत नसे. आतां स्थिति पालटली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत अखंड जळत राहिला पाहिजे, असा नियम झाला. १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधींचे 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले, आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं विजेच्या पंपानें पेट्रोलचा फवारा मारणारी योजना आली. अनेक गाड्यांना आतां पायानें मारावयाची किकहि उरलेली नाहीं. अशा गाडीच्या बॅटरीचा दाब फार उतरला, कीं पंप थांबतो, पंप थांबला कीं इंजिन थांबतें, आणि त्याबरोबरच दिवाहि जातो. भर पावसांत ताम्हिणी घाटाच्या वळणावर असें घडलें, तर तें जिवावरचें संकट आहे. पहांटे दूध घालणाऱ्या किंवा दिवसभर घरोघर माल पोंचविणाऱ्या माणसाची तर त्या दिवसाची कमाईच बुडते.

आधीं ही वीज कोठून येते तें पाहूं. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर एक जड वाटी बसविलेली असते आणि तिच्या आंतल्या कडेला लोहचुंबक असतात. वाटीच्या पोटांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं गुंडाळलेली एक स्थिर चकती असते. आपले कारागीर वाटीला 'मॅग्नेट' व चकतीला 'कॉइल प्लेट' म्हणतात. पुस्तकांतून चकतीला स्टेटर असें नांव आहे. चुंबक वेटोळ्यांभोंवतीं फिरूं लागले, कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. या विजेचे दोन दोष आहेत. एक, ती क्षणांत उलट व क्षणांत सुलट वाहते. बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. दुसरा, तिचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो. स्टेटरच्या तारा मोकळ्या करून मोजल्यास मंद चालणाऱ्या इंजिनावर जेथें पंधरा-वीस व्होल्ट दिसतील, तेथें मिनिटास पांच हजार फेऱ्या होऊं लागल्या कीं पन्नास-साठ, किंवा त्याहूनहि अधिक दिसतात.

बॅटरीची प्रकृति मात्र अत्यंत नाजूक. शिसें व आम्ल यांच्या बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा खण असतात. भरलेल्या प्रत्येक खणाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, म्हणून सहांचा मिळून १२.६ होतो. ती भरावयाची तर बाहेरील दाब याहून कांहींसा अधिक, म्हणजे १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत असावा लागतो. तो नेहमीं कमी पडला, तर बॅटरी उपाशी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. तो १५ च्या वर गेला, तर आम्लांतील पाण्याचें पृथक्करण होऊन वायु उडून जातात आणि पट्ट्या कोरड्या पडतात. म्हणजे बॅटरी उपासानेंहि मरते आणि अजीर्णानेंहि मरते. या दोहोंच्या मध्यें अवघ्या सात दशांश व्होल्टाची जी वाट आहे, ती राखण्याचें काम रेग्युलेटरचें. विजेची दिशा एक करण्याचें कामहि त्याच डबींत होतें.

एखाद्या घराची उपमा घ्यावयाची, तर स्टेटर हा मिळविता पुरुष, बॅटरी ही तिजोरी, दिवे, भोंगा व पंप हे खर्च करणारे, आणि रेग्युलेटर हा घरचा कारभारी. कारभारी स्वतः कांहीं मिळवीत नाहीं. आलेलें द्रव्य योग्य जागीं लावणें एवढेंच त्याचें काम. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, ती ध्यानांत ठेवावी.

जुन्या काळचे कारभारी निराळ्या पद्धतीचे होते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत जावा व पुढें येझदी या गाड्या होत असत. तो कारखाना १९९६ सालीं बंद झाला, तरी त्या गाड्या पुण्यांत हौसेनें राखलेल्या आजहि दिसतात. त्यांच्यांतील जुन्या गाड्यांत कायमच्या चुंबकाऐवजीं ६ व्होल्टचा डायनामो असे. त्याचें चुंबकत्व तारेंतून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असल्यामुळें तो प्रवाह कमी केला कीं वीजहि कमी उत्पन्न होई. हें काम एक थरथरणारी लोखंडी पट्टी करी. दाब वाढला कीं लहानसें विद्युच्चुंबक तिला ओढी व संपर्क तुटे. दाब उतरला कीं स्प्रिंग तिला परत आणी. अशी ही उघडझांप अखंड चालत असे. योजना चतुर खरी, पण ठिणग्यांनीं संपर्काचीं टोकें जळत, स्प्रिंग ढिली पडे, आणि दर कांहीं दिवसांनीं तिची जुळणी करावी लागे. म्हणून या गाड्यांचे पुष्कळ मालक आतां त्या जागीं, हलता भाग मुळींच नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवितात. तो सुधार निःसंशय हितकर आहे.

आजच्या गाड्यांतील कायमच्या चुंबकाला मात्र असा लगाम घालतां येत नाहीं. चाक फिरेल तशी वीज उत्पन्न होणारच. मग गरजेपेक्षां अधिक झालेली वीज कोठें घालवावी? येथें एक मोट डोळ्यांपुढें आणावी. विहिरीवर मोट चालली आहे आणि शेत पुरतें भिजलें आहे. पण बैल थांबविण्याची सोय नाहीं. तेव्हां शेतकरी काय करतो? मोटेचें पाणी पाटांत न सोडतां परत विहिरींतच ओततो. शेत वांचतें, परंतु बैलाचे कष्ट चालूच राहतात. बहुसंख्य मोटारसायकलींतील रेग्युलेटर हेंच करतो. बॅटरीचा दाब ठरीव मर्यादेला पोंचला, कीं तो स्टेटरच्या तारा आपसांत जोडून टाकतो. मग वीज बॅटरीकडे न जातां स्टेटरमधून रेग्युलेटरांत आणि रेग्युलेटरांतून पुनः स्टेटरांत अशी फिरत राहते. याला शंट जातीचा रेग्युलेटर म्हणतात. वेटोळ्यांचा गुणधर्मच असा आहे कीं तीं आपल्या प्रवाहाला ठराविक मर्यादेपलीकडे वाढूं देत नाहींत. म्हणून तारा जोडल्या तरी लगेच अनर्थ होत नाहीं. पण गाडी वेगानें चालली असेपर्यंत स्टेटर जवळजवळ पूर्ण प्रवाह वाहत असतो आणि तापत असतो.

यांतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. आपण दिव्यांचा खर्च कमी केला, म्हणजे पंचावन्न वॅटचा दिवा काढून वीस वॅटचा एलईडी बसविला, तर शंट जातीच्या रेग्युलेटरचें ओझें हलकें होत नाहीं, उलट वाढतें. कारण परत विहिरींत ओतावयाचें पाणी अधिक होतें. दिवा बदलल्यावर कांहीं दिवसांनीं रेग्युलेटर जळाला, असें कोणी सांगितलें तर त्यांत नवल नाहीं.

जुन्या जातीच्या शंट रेग्युलेटरांत हें जोडण्याचें काम थायरिस्टर नांवाचे भाग करतात. प्रवाह त्यांतून व सोबतच्या डायोडमधून जातांना ढोबळ मानानें दोन व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. समजा, परत फिरविलेला प्रवाह पंधरा अँपिअर आहे. पंधरा गुणिले दोन म्हणजे तीस वॅट उष्णता झाली. तारा जोडण्याची विजेची सोल्डरिंगची डागणी साधारण एवढ्याच शक्तीची असते. ती उष्णता तळहाताएवढ्या डबींत तासन् तास कोंडून राहावयाची, त्यांत पुण्याचा एप्रिल-मे महिना, आणि डबी बसविलेली कोठें, तर सीटखालीं, जेथें वारा लागत नाहीं. मग तिचें आयुष्य संपण्यास वेळ लागत नाहीं.

सुधारलेल्या जातींपैकीं पहिली मॉस्फेट रेग्युलेटरची. तोहि शंट जातीचाच. पण थायरिस्टरच्या जागीं मॉस्फेट नांवाचे भाग असतात, व त्यांचा रोध फारच अल्प असतो. तो ओमचा शंभरावा भाग धरला आणि वाटेंत असे दोन भाग लागले असें मानलें, तर त्याच पंधरा अँपिअर प्रवाहाला साडेचार वॅटच उष्णता होते. तीसच्या जागीं साडेचार, एवढा हा फरक. कारभारी थंड राहतो. मात्र बैलाचे कष्ट पूर्वींइतकेच राहतात, हें विसरूं नये.

दुसरी जात सिरीज रेग्युलेटरची. हा पाणी परत ओतीत नाहीं. तो बैलच थांबवितो. दाब मर्यादेला पोंचला कीं स्टेटर व बॅटरी यांमधील वाट तो क्षणभर बंद करतो. प्रवाहच नाहीं, म्हणून स्टेटरहि कमी तापतो. ज्या गाडीचा स्टेटर वरचेवर जळतो, त्या गाडीला ही जात विशेष हितावह ठरते. पण हिलाहि एक पथ्य आहे. वाट बंद असतां स्टेटरच्या तारांवर मोकळा दाब चढतो आणि जलद इंजिनावर तो बराच मोठा असतो. जुन्या, वेष्टन कमजोर झालेल्या स्टेटरला तो सोसेलच असें नाहीं. आणि चालू इंजिनावर त्या तारांना हात लावणें तर सर्वथा वर्ज्य समजावें.

या दोन्ही जातींचे रेग्युलेटर करणारी एक नामांकित कंपनी जपानांत आहे. तिचें नांव शिंदेन्गेन. नांव ऐकून पुणेकरास वानवडीच्या शिंदे छत्रीची आठवण होईल, पण तो केवळ उच्चाराचा योगायोग आहे. तिचा 'एफ एच ०२०' हा मॉस्फेट जातीचा आणि 'एस एच ७७५' हा सिरीज जातीचा. परंतु 'एस एच' हीं अक्षरें तिच्या जुन्या थायरिस्टर-शंट रेग्युलेटरांवरहि आढळतात. म्हणून निवड नुसत्या अक्षरांवरून न करतां पूर्ण क्रमांक पाहूनच करावी. नकली मालहि बाजारांत असतो, तेव्हां खात्रीच्या दुकानांतूनच तो घ्यावा.

आतां, नवा रेग्युलेटर काय करीत नाहीं, तें पाहूं. तो वीज वाढवीत नाहीं. कारभारी कितीहि चोख असला, तरी त्यानें मिळकत वाढत नाहीं. समजा, गाडी सिग्नलपाशीं मंद चालते आहे आणि स्टेटर सत्तर वॅट देतो आहे. पुढचा दिवा पंचावन्न, मागचा पांच, आणि पंप व इंजिनाची ठिणगी मिळून चाळीस, असे शंभर वॅट लागतात. तूट तीस वॅटची; ती बॅटरी भरून काढते, आणि पुढें मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर तिची परतफेड होते. पण मालकानें चाळीस-चाळीस वॅटचे दोन जादा दिवे लावले, तर तूट एकशेंदहा वॅटची झाली. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत रोज तासभर असें चाललें, तर कोणताहि रेग्युलेटर ती बॅटरी वांचवूं शकणार नाहीं. तेथें उपाय एकच, खर्च कमी करणें.

म्हणून नवा रेग्युलेटर घेण्यापूर्वीं हिशेब तपासावा. त्यासाठीं एक साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब मोजावा, १२.६ असेल तर ती भरलेली आहे, १२.२ असेल तर अर्धी रिकामी आहे असें समजावें. नंतर इंजिन चालू करून, दिवा लावून, मिनिटास चार-पांच हजार फेऱ्यांवर पुनः मोजावा. १३.८ ते १४.५ आला तर सर्व ठीक आहे. बॅटरी तरीहि बसत असेल, तर दोष तिचा स्वतःचा किंवा वर सांगितलेल्या तुटीचा. १५ च्या वर गेला, तर बहुधा रेग्युलेटरचा दोष. मात्र कांहीं गाड्यांत दाब पाहण्याची एक वेगळी बारीक तार किल्लीच्या स्विचमार्गें रेग्युलेटरकडे येते. त्या स्विचांत गंज असेल, तर रेग्युलेटरला दाब खोटाच कमी भासतो आणि तो बॅटरीला अधिक पाजतो. अशा वेळीं अपराधी स्विच असतो आणि शिक्षा रेग्युलेटरला होते.

दाब १३ च्या आसपासच घुटमळत असेल, तर प्रथम जोड पाहावे. स्टेटरकडून येणाऱ्या, बहुतेक गाड्यांत पिवळ्या असणाऱ्या तीन तारा एका प्लॅस्टिकच्या कपलरमधून रेग्युलेटरला मिळतात. पावसाळ्यांत तेथें पाणी शिरतें, पितळ काळें पडतें, रोध वाढतो. एखाद्या जोडांत ओमचा दहावा भाग एवढाच रोध आला, आणि त्यांतून दहा अँपिअर गेले, तर एक व्होल्ट तेथेंच गळतो आणि दहा वॅट उष्णता त्या बोटाएवढ्या कपलरांत सांठते. रेग्युलेटरच्या तोंडाशीं १४.२ आणि बॅटरीशीं १३.२ असा प्रकार होतो. कपलर वितळलेला आढळतो तो याच कारणानें. इंजिन चालू असतां रेग्युलेटरच्या धन टोकापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत, आणि तसेंच ऋण बाजूस, दाबाचा फरक मोजावा. दोन-तीन दशांश व्होल्टाहून तो अधिक असेल, तर तार, कपलर किंवा अर्थिंग सुधारावें. पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें, आणि नव्या रेग्युलेटरचे पैसे वांचतात.

जोड निर्दोष असतील, तर इंजिन बंद करून स्टेटरच्या तारा सोडाव्यात. प्रत्येक तार आणि गाडीचा सांगाडा यांमध्यें विजेची वाट असतां कामा नये. असेल तर वेष्टन जळून स्टेटर सांगाड्याला टेकला आहे. मग इंजिन चालू करून, तारांना हात न लावतां, दोन-दोन तारांमधील उलटसुलट विजेचा दाब मोजावा. तिन्ही जोड्यांत तो सारखा यावा. एका जोडींत तो कमी आला, तर स्टेटर पुनः गुंडाळावा लागेल. तेथें रेग्युलेटर बदलून फळ नाहीं. हें तीन तारांच्या स्टेटरला लागू आहे. जुन्या किंवा लहान गाड्यांत स्टेटरचें एक टोक मुद्दाम सांगाड्याला जोडलेलें असतें. तेथें ही परीक्षा, आणि तीन तारांचा रेग्युलेटरहि, जसाच्या तसा चालत नाहीं. या परीक्षा चालू असतां बॅटरीची तार मात्र कधींहि सोडूं नये. दाब एकदम उसळून गाडींतील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होण्याचें भय असतें.

हें सर्व पाहून दोष रेग्युलेटरचाच ठरला, म्हणजे सुधारलेल्या जातीचा बसवावा. तो बसवितांना त्याच्या पंखांना वारा लागेल आणि धुराड्याची धग लागणार नाहीं अशी जागा निवडावी. त्याच्यापासून बॅटरीपर्यंत जाड तारा सरळ न्याव्यात, धन तारेंत बॅटरीजवळ योग्य शक्तीचा फ्यूज घालावा, आणि कपलर पाणी न शिरणारे वापरावेत. लिथियमची बॅटरी असेल, तर दाबाची वरची मर्यादा ती करणाऱ्या कंपनीनें काय सांगितली आहे तें आधीं पाहावें. ती बॅटरी अजीर्ण मुळींच सोसत नाहीं. गाडी नवी व हमीच्या मुदतींत असेल, तर वायरिंगला हात लावण्यापूर्वीं हमीच्या अटी वाचाव्यात.

श्रोतेहो, बॅटरी वरचेवर बदलण्यांत पैसा जातो, आणि प्रत्येक मेलेल्या बॅटरीबरोबर शिसें व आम्ल यांचा एक विषारी गोळा आपण मागें टाकतों. तो निदान जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानांतच द्यावा, उघड्यावर टाकूं नये. एक मीटर आणि अर्ध्या तासाची चिकाटी, एवढ्यावर यांतील पुष्कळ नुकसान टाळतां येण्यासारखें आहे. कारभारी बदलण्यास हरकत नाहीं. फक्त त्याला काढण्यापूर्वीं घरची मिळकत किती, खर्च किती आणि वाटेंत गळती कोठें, हें पाहून घ्यावें, इतकेंच माझें सांगणें आहे.